विजोड भागांचे एंजिन : वर्धेकाठच्या यंत्रदुरुस्तीचा इतिहास व तिची परिभाषा

यंत्रांचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुतेक निर्मात्यांचा इतिहास असतो. शोध कोणी लावला, कारखाना कोठे निघाला, किती नग बाहेर पडले, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे विषय संपला असे मानण्याची प्रथा आहे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर यंत्र जे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य काढते, त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ज्या प्रदेशात यंत्रे निर्माण झाली नाहीत, केवळ येऊन पोहोचली, त्या प्रदेशाच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. अशा प्रदेशाचा यंत्रेतिहास म्हणजे दुरुस्तीचाच इतिहास होय. आणि दुरुस्तीचा इतिहास लिहावयाचा तर त्याची साधने कागदावर कमी आणि लोखंडावर अधिक सापडतात. काही साधने भाषेतही सापडतात, परंतु त्यांचा विचार पुढे येईल.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे असेच एक ठिकाण आहे. कपाशीच्या काळ्या जमिनीतील हे तालुक्याचे गाव. पश्चिमेला वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग पुलगावावरून गेला आणि आर्वी बाजूला राहिली. येथला कापूस त्या मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी पुलगाव-आर्वी हा अडीच फूट रुंदीचा, सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा फाटा १९१७ मध्ये सुरू झाला. तो सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता आणि त्या कंपनीचा कारभार मुंबईची किलिक निक्सन ही पेढी पाहत असे. लोकांनी ह्या गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले. देशातील लोहमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ह्या कंपनीचे मार्ग खाजगी मालकीतच राहिले, ही गोष्ट अनेकदा नवलाने सांगितली जाते. त्याहून नवलाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ह्याच कंपनीच्या यवतमाळच्या मार्गावर, १९२१ मध्ये मँचेस्टर येथे तयार झालेले एक वाफेचे एंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षे, गाडी ओढत होते. सत्तर वर्षांत नळ्या कुजतात, धारवे झिजतात, झडपा गळू लागतात. त्या प्रत्येक वेळी मँचेस्टरला पत्र लिहून भाग मागवता येत नसे. तेव्हा १९९४ मध्ये ज्या एंजिनाला निरोप देण्यात आला, त्यातील किती लोखंड १९२१ चे होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मोटारीच्या एंजिनाच्या बाबतीत तर तो पावलोपावली विचारावा लागतो, आणि प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

कापसाच्या गावांत एंजिन जाणणारा माणूस मोटारीच्या आधी आला. सरकी काढण्याचे जिन, गठाणी बांधण्याचे प्रेस, त्यांना फिरवणारी आधी वाफेची व नंतर तेलाची एंजिने, आणि ह्या सर्वांना हंगामभर चालते ठेवणारा फिटर, असा हा क्रम आहे. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. हंगामात एंजिन बंद पडले तर कपाशीच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. म्हणून तेथे दुरुस्ती आज, आत्ता आणि हाताशी असेल त्या वस्तूने करावी लागते. मोटारदुरुस्तीची जी पद्धती ह्या भागात पुढे रुजली, तिचे मूळ ह्या निकडीत शोधावे लागेल. ह्या फिटरच्या शेजारी गावचा लोहार होताच. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार ती धाव लाल होईपर्यंत तापवतो, प्रसरण पावलेल्या अवस्थेत चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. आकुंचन पावलेली धाव चाकाला अशी आवळून बसते की खिळ्याचीही गरज उरत नाही. मोटारीच्या गतिचक्रावर दातेरी कडे बसवण्याची रीत तंतोतंत हीच आहे. तत्त्व शिकण्यासाठी लोहाराला कोणत्याही शाळेत जावे लागले नाही. केवळ चाक बदलले.

मोटारीचा प्रश्न मात्र एका बाबतीत निराळा होता. फोर्डची ‘टी’ मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत सुमारे दीड कोटी संख्येने निघाली, ती भागांच्या अदलाबदलीच्या तत्त्वावर. एका गाडीचा दट्ट्या काढून दुसऱ्या गाडीत बसवला तरी तो बसलाच पाहिजे, कानशीचा एकही हात न लावता बसला पाहिजे, हे ते तत्त्व. पूर्वीच्या कारागिराने केलेला प्रत्येक भाग त्याच्या शेजारच्या भागासाठी घासून बसवलेला असे. नव्या पद्धतीत घासून बसवणारा माणूसच अनावश्यक ठरला. परंतु ह्या तत्त्वात एक गृहीत दडलेले आहे. भाग बदलता येतो तो तसाच दुसरा भाग मिळत असेल तर! पुरवठा तुटला की अदलाबदलीचे यंत्र पुन्हा घासून बसवण्याचे यंत्र होते, आणि ज्याला डेट्रॉइटने निवृत्त केले त्या कारागिराला आर्वीत पुन्हा बोलावणे धाडावे लागते.

आणि पुरवठा तुटला. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा दुसऱ्या महायुद्धात: पेट्रोलवर नियंत्रण आले, जहाजांतून सुटे भाग येईनात, आणि अनेक बसगाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर एंजिने चालवावी लागली. त्या वायूबरोबर येणाऱ्या राखेने व डांबराने नळकांडी अधिकच झिजली, म्हणजे टंचाईवरच्या उपायाने टंचाई वाढवली. दुसऱ्यांदा स्वातंत्र्यानंतर: जनरल मोटर्सचा शिवडी येथील कारखाना १९२८ मध्ये सुरू झालेला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला, फोर्डनेही ह्याच सुमारास येथील जुळणी आवरती घेतली. येथेच टप्प्याटप्प्याने भाग तयार करणाऱ्या कंपन्यांनाच वाव देण्याचे सरकारी धोरण होते, आणि राष्ट्राच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण त्यामुळे १९३५ ची शेव्हरोले बाळगणारा मनुष्य एका रात्रीत पोरका झाला. तिसऱ्यांदा १९५७ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर, जेव्हा आयातीचा परवाना हीच एक दुर्मीळ वस्तू बनली. ह्यानंतर ह्या देशातील जुन्या अमेरिकन वा इंग्रजी मोटारीला जिवंत राहण्याचा एकच मार्ग उरला: दुसऱ्या कोणत्या तरी गाडीच्या भागांवर जगणे.

वर्ध्याच्या आठवणींत ह्या मार्गाचे एक टोकाचे उदाहरण सांगितले जाते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, राहावयास गेले. तेथवरचा रस्ता वाईट. तेव्हा जमनालाल बजाजांच्या घरची एक जुनी फोर्ड एंजिनाविना बैल जोडून वापरली जाई, आणि बैल व फोर्ड ह्यांच्या इंग्रजी नावांचा संधी करून तिला विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. विनोद सोडला तरी ह्यात एक गंभीर मुद्दा आहे. येथे गहाळ असलेला भाग म्हणजे सबंध एंजिनच होय, आणि त्याच्या जागी बसवलेला भाग गावात तयार होणारा होता.

आता प्रत्यक्ष पुनर्बांधणीकडे वळावयास हवे, कारण ‘जुळवाजुळव’ ह्या शब्दाने तिच्याविषयी सैल कल्पना होण्याचा संभव आहे. एंजिन खोलल्यावर पहिले काम मोजणीचे. नळकांडे झिजते ते सर्वत्र सारखे झिजत नाही. दट्ट्या ज्या बाजूस रेटला जातो त्या बाजूस अधिक झिजून ते लंबगोल होते, आणि वरच्या टोकाशी, जेथे उष्णता अधिक व तेल कमी, तेथे अधिक झिजून निमुळते होते. ते पुन्हा गोल करण्यासाठी कातून मोठे करावे लागते. मग त्यात मोठ्या मापाचा दट्ट्या हवा. कारखाने इंचाच्या वीस, तीस, चाळीस, साठ हजारांशांनी मोठे दट्टे पुरवत. मिस्त्रीच्या तोंडी ‘वीसचा पिस्टन’, ‘चाळीसचा पिस्टन’ हे शब्द त्यावरून आले. साठचाही संपला, म्हणजे नळकांड्यात नवे अस्तर ठोकून माप पुन्हा मूळपदावर आणावयाचे. हे सर्व दट्ट्या मिळत असेल तर. मिळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा घ्यावयाचा, आणि येथे खऱ्या अडचणीस आरंभ होतो.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की व्यास जुळला म्हणजे काम झाले. व्यास ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, कारण नळकांडे वाटेल तितके कातता येते किंवा अस्तराने लहान करता येते. फोर्ड ‘टी’चा व्यास पावणेचार इंच, तिच्यानंतर आलेल्या ‘ए’चा तीन पूर्णांक सात अष्टमांश, युद्धकाळातील विलिस जीपचा तीन पूर्णांक एक अष्टमांश, ह्यांतील अंतरे खऱ्या कारागिराला भेडसावत नाहीत. जुळावयास हवी ती दट्ट्याच्या खिळीची जाडी, कड्यांच्या खाचा, वजन, आणि मुख्यतः खिळीच्या मध्यापासून दट्ट्याच्या माथ्यापर्यंतची उंची. ही उंची दोन मिलिमीटरांनी जास्त झाली तर दट्ट्या वरच्या झाकणावर आदळू शकतो. दोन मिलिमीटरांनी कमी झाली तर एंजिन चालते. पण कसे चालते ते आकड्यांवरून पाहावे. हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बॅसडरमध्ये दीर्घकाळ असलेले १,४८९ घनसेंटिमीटरांचे एंजिन घेतले, तर त्याचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर, म्हणजे दर नळकांड्याचे घनफळ सुमारे ३७२ घनसेंटिमीटर भरते. दाबाचे प्रमाण ७.२ धरले तर दट्ट्या सर्वांत वर असताना माथ्यावर ६० घनसेंटिमीटर जागा उरते. माथा दोन मिलिमीटर खाली राहिला की ह्या जागेत ८ घनसेंटिमीटरांहून थोडी अधिक भर पडते, आणि दाबाचे प्रमाण ७.२ वरून ६.४ वर येते. मिस्त्री हा हिशेब मांडत नाही. तो गाडी चढावर घालतो आणि म्हणतो, ‘दम नाही.’ मग झाकणाचा तळ तितका घासून घेतो. हिशेब दोघांचा एकच असतो.

चार दट्ट्यांपैकी एकच निराळा असेल तर वजनाचा प्रश्न उभा राहतो. मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्या घेणाऱ्या एंजिनात काही ग्रॅमांचा फरकही थरथर उत्पन्न करतो. म्हणून जड दट्ट्याच्या आतील बाजूची, जेथे बळाची गरज नाही अशी, धातू खरवडून चारही सारखे करावे लागतात. सोनाराच्या काट्याला शोभेल अशी ही बारकाई आहे, आणि ती अंगावर तेलाने मळलेले कपडे घातलेला मनुष्य करतो म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

धारव्यांची, म्हणजे बेअरिंगांची, कथा अधिक उद्बोधक आहे. फोर्ड ‘टी’ व ‘ए’ ह्यांच्या, तसेच शेव्हरोलेच्या सहा नळकांड्यांच्या एंजिनांच्या दांड्यांत १९५० नंतरही काही वर्षेपर्यंत, पांढऱ्या धातूचे ओतीव धारवे असत. कथील, अँटिमनी व तांबे ह्यांचे हे मिश्रण बॅबिट ह्या अमेरिकन कारागिराच्या नावाने १८३९ पासून प्रसिद्ध आहे. ते कमी उष्णतेवर वितळते. जुना धारवा वितळवून काढणे, त्याच जागी नवा ओतणे, आणि फिरत्या दांड्याला निळा रंग लावून जेथे जेथे डाग उमटेल तेथे तेथे खरवडत तो बसवणे, हे काम ज्या गावी ओतारी आहे व ज्याला धीर आहे त्या गावी होऊ शकते. पुढे पातळ पत्र्याचे तयार धारवे आले. ते अधिक टिकाऊ, अधिक अचूक; पण ते ओतता येत नाहीत, विकतच आणावे लागतात. ह्यावरून एक अनुमान निघते, आणि ते प्रगतीच्या रूढ कल्पनेशी जुळणारे नाही: जुने एंजिन तालुक्याच्या गावी अधिक काळ जगू शकले ते अंशतः त्याच्या अपूर्णतेमुळे. यंत्र जसजसे नेमके होत गेले, तसतसे ते दूरच्या कारखान्याच्या अधिक अधीन झाले.

मळसूत्रांचा घोटाळा थोडक्यात सांगता येईल. इंग्रजी व्हिटवर्थ मळसूत्राचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन मळसूत्राचा ६०. अर्ध्या इंचाच्या खिळ्यावर इंचाला इंग्रज १२ आटे पाडतो, अमेरिकन १३. ह्यामुळे परका नट दोन-तीन फेरे सहज चढतो आणि मग अडतो. नवशिका जोर करतो आणि आटे जातात. इंग्लंड, अमेरिका व कॅनडा ह्यांनी १९४८ मध्ये एक समान माप ठरवले, भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली. परिणामी एकाच गाडीत तीन तऱ्हांचे नट आणि मिस्त्रीच्या पेटीत तीन तऱ्हांचे पाने, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. झाकणाखालची गॅस्केट मिळेना तेव्हा जाड कागद एंजिनाच्या पृष्ठावर ठेवून, हातोडीने हलके ठोकत, कडांच्या दाबानेच तो हव्या त्या आकारात कापून घेण्याची युक्ती सर्वत्र चालत आली आहे. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यानंतर तर सबंध एंजिनच बदलण्याकडे कल झाला. जुन्या मोटारींत आणि जीपांत बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे किंवा अन्य डिझेल एंजिन बसवलेले पुष्कळ ठिकाणी आढळते. असा बदल पश्चिम महाराष्ट्रातही झाला. पण कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जेथे म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिराचे नाव उद्यमनगरात आजही आदराने घेतले जाते, दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची वाट सापडली. वर्धेकाठी ती वाट तशी रुंद झाली नाही. भांडवल कापसात होते आणि कापसातच राहिले.

ह्या साऱ्या व्यवहाराची साक्ष भाषेत कशी उमटली आहे, ते पाहणे आता क्रमप्राप्त आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, ‘चावी’ही त्याच भाषेतून आली. ‘पेच’ फारसीतून आला, ‘खराद’ अरबी-फारसीच्या वाटेने आला. ‘पाना’ हे इंग्रजी ‘स्पॅनर’चे घासलेले रूप मानले जाते. ऐरण, घण, भाता, सांडशी, छिन्नी ही लोहाराची जुनी हत्यारे नावांसकट गॅरेजात आली. ‘वंगण’ बैलगाडीच्या कण्याला लावले जाई, ते मोटारीच्या कण्याला लागू झाले आणि तेथून सरकारी परिभाषेत ‘वंगण तेल’ म्हणून प्रतिष्ठा पावले. पिस्टन, रिंग, क्रँक, बोअर, व्हॉल्व्ह ही नावे अर्थातच इंग्रजीतून, उच्चार थोडे वाकवून, घेतली गेली. शब्दसंग्रह हाच विजोड भागांनी बांधलेले एक एंजिन आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु उपमेवर थांबले तर महत्त्वाची गोष्ट निसटेल.

ती अशी. ह्या बोलीत नामे परकी आहेत, पण क्रियापदे जवळजवळ सर्व घरची आहेत. एंजिन ‘उतरवतात’, ‘खोलतात’, ‘धुतात’, व्हॉल्व्ह ‘घासतात’, रिंगा ‘टाकतात’, बेअरिंग ‘बसवतात’, आणि शेवटी एंजिन ‘बांधतात’. ते बिघडले की तेल ‘खाते’, धूर ‘मारते’, ठोका ‘देते’, त्याचा दम ‘जातो’. भागाचे नाव भागाबरोबर पेटीतून आले. भागाशी काय करावयाचे ते मात्र पेटीत नव्हते, म्हणून ते सांगणारा शब्द इथल्याच भाषेला पुरवावा लागला. उसनवारीच्या सामान्य नियमाशी हे जुळते, कारण नामे क्रियापदांपेक्षा सहज उसनी घेतली जातात. पण येथे त्या नियमाला श्रमविभागणीचा आधार मिळालेला दिसतो. वस्तू परदेशी आणि कृती स्वदेशी, हा ह्या व्यवसायाचा आर्थिक इतिहास त्याच्या व्याकरणात शिल्लक आहे.

परिभाषाकारांनी ह्या पुराव्याकडे पाहिले असते तर बरे झाले असते. आर्वीपासून फार दूर नसलेल्या नागपुरात डॉ. रघुवीर ह्यांनी संस्कृत धातूंवर आधारलेल्या विशाल वैज्ञानिक परिभाषेचे काम केले. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन होऊन परिभाषाकोशांची मालिका सुरू झाली. ही कामे मोठी आहेत. परंतु त्यांची सर्व शक्ती नामे बदलण्यात खर्च झाली, म्हणजे जेथे बोलीला परके शब्द चालत होते नेमके तेथे. आणि बोलीने जी क्रियापदे स्वतः घडवली होती, त्यांच्या नोंदीचे काम मागे राहिले. ‘दट्ट्या’ हा शब्द पाठ्यपुस्तकात टिकला, प्रस्तुत निबंधातही योजला आहे. गॅरेजात तो कधी पोहोचला नाही. ‘टायमिंग बांधणे’ हा प्रयोग मात्र गॅरेजात रोज होतो आणि कोशात शोधूनही सापडणे कठीण.

‘बांधणे’ ह्या क्रियापदाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत घर बांधतात, पागोटे बांधतात आणि पोथीही बांधतात. पोथीची आठवण येथे अकारण नाही. आर्वीच्या तालुक्यातून वर्धा ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, आणि त्यातील मोर्शी तालुक्यात महानुभावांचे रिद्धपूर आहे. तेथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. संप्रदायाच्या परंपरेनुसार परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. ‘हिराइसा पाठ’ आदी निरनिराळे पाठ अस्तित्वात आले ते ह्यामुळे. गहाळ भागांचा ग्रंथ पुन्हा बांधण्याचे हे मराठीतील अगदी आरंभीचे उदाहरण होय, आणि डॉ. वि. भि. कोलते ह्यांच्या १९७८ च्या आवृत्तीपर्यंत व त्यानंतरही ह्या पाठांचा विचार अभ्यासकांना करावा लागला आहे.

दुसरे उदाहरण एकनाथांचे. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये असेही बजावले. ह्या उपकाराची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण शुद्धीकरण इतके यशस्वी झाले की एकनाथांपूर्वीचा पाठ कसा होता, हे शोधण्यासाठी वि. का. राजवाड्यांना १९०९ मध्ये स्वतंत्र खटाटोप करावा लागला. ज्या अशुद्धी दूर केल्या, त्यांबरोबर त्या कोणी, कोठे व का केल्या ह्याचा पुरावाही दूर झाला. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या त्या प्रचंड कामात, ह्यावर उपाय योजलेला दिसतो: स्वीकृत पाठ वर, आणि वगळलेले सर्व पाठभेद त्याच पृष्ठावर तळाशी. संपादकाने निवड करावी, पण टाकलेले दृष्टीआड करू नये.

जुन्या मोटारींच्या बाबतीत आज हाच प्रश्न एकनाथांच्या अवस्थेत आहे. हौस म्हणून जुन्या गाड्या जतन करण्याची चळवळ मुंबईत चांगली रुजली. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. आता परदेशातून अस्सल भाग मागवणे कठीण राहिलेले नाही. फोर्ड ‘टी’चे जवळजवळ सर्व भाग नव्याने तयार होऊन मिळतात. परिणामी जिल्ह्याजिल्ह्यांतून विकत घेतलेल्या गाड्यांतील ‘चुकीचे’ भाग काढून टाकून त्या कारखान्यातून निघाल्या तशा केल्या जातात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, ‘व्ही ए’ ही अक्षरे असलेली क्रमांकमाला ठरवली आणि नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क ठेवले. ह्या नियमांनुसार वाहन मूळ स्वरूपात राखलेले असले पाहिजे. सांगाडा, बाह्यांग किंवा एंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू स्तुत्य आहे. पण ह्या व्याख्येत मूळ स्वरूप म्हणजे डेट्रॉइटचे वा कॉव्हेंट्रीचे स्वरूप. जी गाडी चाळीस वर्षे जीपचे दट्टे, अॅम्बॅसडरचा कार्ब्युरेटर आणि स्थानिक ओताऱ्याचे धारवे ह्यांवर चालली, तिचा इतिहास ह्या दृष्टीने दोष ठरतो. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत मात्र निराळी भूमिका आहे: पुनर्निर्मितीपेक्षा जतनाला अग्रक्रम द्यावा, वाहनाच्या सबंध आयुष्याचा मान राखावा आणि जो बदल करावयाचा त्याची लेखी नोंद ठेवावी. भांडारकर संस्थेच्या तळटिपांचीच ही कल्पना आहे, निराळ्या क्षेत्रातून पोहोचलेली.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की दुरुस्ती ही निरुपायाने केलेली असते. मिस्त्रीला स्वतःलाही मूळ भागच हवा होता, मग त्याच्या नाइलाजाचे जतन कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. विजोड भागांचे एंजिन मूळ एंजिनापेक्षा चांगले असते असे कोणीही म्हणू नये. ते बहुधा अधिक तेल खाते आणि कमी ओढते. पण लेखकूने पाठ बदलला तोही पुष्कळदा नाइलाजानेच, समोरची प्रत फाटलेली होती म्हणून. म्हणून पाठभेद निरर्थक ठरत नाहीत. वर्धेकाठच्या मिस्त्रींनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, हिशेबाच्या वह्या बहुधा उरल्या नाहीत. त्यांनी जे लिहिले ते एवढेच: एंजिन बांधताना दांडी कोणत्या नळकांड्याची, हे विसरू नये म्हणून पोगराने ठोकलेले ठिपके. पहिल्या दांडीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. दांडी आणि तिची टोपी ह्या दोहोंवर ते समोरासमोर असतात, म्हणजे टोपी उलटी बसत नाही. एखाद्या एंजिनात जुन्या ठिपक्यांशेजारी दुसऱ्या हाताचे ठिपके दिसतात. कोठे ते खोल, कोठे तिरपे, कोठे ठिपक्यांऐवजी छिन्नीच्या रेघा. किती वेळा एंजिन खोलले गेले आणि निदान किती निरनिराळ्या हातांनी, हे त्यांवरून सांगता येते. एंजिन नवे करताना दांड्या यंत्रावर साफ करून घेतल्या जातात, आणि पहिल्याच फेऱ्यात हे ठिपके निघून जातात.